कोणता एडिटर उघडणार, हे कोण ठरवतं?

आमच्या गावच्या सार्वजनिक वाचनालयातली मशिनं उबुंटू २४.०४ या लिनक्सवर आणली आणि त्यांची देखभाल माझ्याकडे आली. कामाचा पसारा मोठा नाही. रात्री कॅटलॉगचा बॅकअप घेणारी एक स्क्रिप्ट, ती वेळेवर चालवणारा क्रॉन, थोड्या कॉन्फिग फाइली, आणि हे सगळं गिटमध्ये, म्हणजे फाइलींतल्या बदलांची नोंद ठेवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये. पण यातल्या प्रत्येक कामात कुठे ना कुठे साधी टेक्स्ट फाइल उघडावीच लागते, आणि ती दर वेळी निराळ्याच एडिटरमध्ये, म्हणजे मजकूर लिहायच्या-बदलायच्या प्रोग्रॅममध्ये, उघडत होती. क्रॉनने आधी प्रश्नच विचारला. गिटने नॅनो पुढे केला. बॅकअप जिथे जातो त्या भाड्याच्या सर्व्हरवर नॅनो बसवलेलाच नव्हता, तिथे व्हीआय उघडला. आणि फाइलवर डबल-क्लिक केलं की चौथंच काहीतरी.

माझी गरज साधी होती. टर्मिनलात, म्हणजे कमांड टाइप करायच्या खिडकीत, मला विम हवा, कारण हाताला तोच बसलाय. ग्रंथपाल मॅडमना आणि संध्याकाळी मदतीला येणाऱ्या कॉलेजच्या मुलांना नॅनो. आणि मराठी मजकूर असलेल्या फाइली सगळ्यांसाठीच ग्राफिकल एडिटरमध्ये. हे एकदा नीट लावून टाकायचं ठरवलं. लावायला वेळ लागत नाही. कोणता प्रोग्रॅम कोणाला विचारून एडिटर उघडतो हे समजून घ्यायला लागतो, आणि तेच मला इथे सांगायचं आहे. कमांड मी बोलतो तशा देवनागरीत लिहितोय. टर्मिनलात त्या अर्थातच रोमन अक्षरांत टाइप करायच्या.

सुरुवात क्रॉनपासून झाली. क्रॉनच्या कामांची यादी बदलायला नव्या खात्यात पहिल्यांदा 'क्रॉनटॅब -ई' दिलं की उबुंटू एडिटर निवडायला सांगतं. ताज्या मशिनवर यादीत तीन नावं असतात: पहिला नॅनो, दुसरा विम-टायनी, तिसरा ईडी. नॅनोच्या पुढे बाण काढून 'ईझिएस्ट' असं लिहिलेलं असतं. आणि ते खरंच आहे. नॅनोच्या तळाशी दोन ओळींत काय दाबलं की काय होतं ते कायम दिसत राहतं. कंट्रोल-ओ म्हणजे लिहून ठेव, कंट्रोल-एक्स म्हणजे बाहेर पड. पहिल्यांदा बसणाऱ्या माणसाला कोणाला विचारावं लागत नाही. वॉशिंग्टन विद्यापीठाच्या पाइन या ईमेल प्रोग्रॅमबरोबर पिको नावाचा एडिटर यायचा. त्याचा परवाना मुक्त सॉफ्टवेअरच्या अटींत बसत नव्हता म्हणून ख्रिस अलेग्रेटा यांनी १९९९ मध्ये तसाच वागणारा नवा एडिटर लिहिला, आणि २००० मध्ये त्याचं नाव नॅनो झालं. वाचनालयासारख्या जागी, जिथे आज एक जण बसतो आणि उद्या दुसरा, तिथे तळाच्या त्या दोन ओळींचं मोल फार आहे.

तुम्ही आकडा दाबला की ती निवड तुमच्या होम फोल्डरमध्ये '.सिलेक्टेड_एडिटर' नावाच्या लपलेल्या फाइलमध्ये जाऊन बसते. अगदी छोटी फाइल आहे, उघडून बघण्यासारखी. पुढे मन बदललं तर 'सिलेक्ट-एडिटर' ही कमांड तीच यादी पुन्हा दाखवते. मात्र ही निवड फक्त त्या खात्यापुरती असते. कमांडच्या आधी 'सुडो' लिहिलं की ती रूट या सर्वाधिकारी खात्याच्या नावाने चालते. 'सुडो क्रॉनटॅब -ई' दिलंत तर तो रूटचा क्रॉन, आणि रूटचं होम वेगळं, म्हणून तोच प्रश्न पुन्हा येतो. मुलं याने गोंधळतात. काल तर निवडला होता, आज परत का विचारतंय, असं त्यांना वाटतं.

या यादीत विम निवडणार असाल तर एक गोष्ट आधी करा: 'सुडो एपीटी इन्स्टॉल विम'. उबुंटूबरोबर येतो तो विम-टायनी, म्हणजे विमची कापून लहान केलेली आवृत्ती. ती जुन्या व्हीआयसारखी वागते. लिहिता लिहिता बाणाची कळ दाबली तर कर्सर हलण्याऐवजी ए, बी, सी, डी अशी अक्षरं मजकुरात पडतात. या एका गोष्टीमुळे कितीतरी लोकांनी विम कायमचा सोडला असेल असं मला वाटतं, आणि तो खरा विम नव्हताच. पूर्ण विम बसवल्यावर यादीत 'विम.बेसिक' हे आणखी एक नाव येतं; आकडा दाबण्याआधी त्याचा क्रमांक बघून घ्या.

पूर्ण विम बसवला तरी गिट नॅनोच उघडत राहिलं. इथे मला थांबून वाचावं लागलं, आणि या सगळ्या प्रकरणातला सर्वांत सुंदर भाग मला इथेच सापडला.

डेबियन आणि त्यावर उभ्या असलेल्या उबुंटूत 'एडिटर' नावाची एक कमांड असते. तो स्वतः प्रोग्रॅम नाही, दुवा आहे. 'यूएसआर'मधल्या 'बिन' फोल्डरातला हा दुवा 'ईटीसी'मधल्या 'अल्टरनेटिव्ह्ज' फोल्डरकडे बोट दाखवतो आणि तिथला दुवा खऱ्या एडिटरकडे. ज्या प्रोग्रॅमला दुसरं काही सांगितलेलं नाही, तो शेवटी या 'एडिटर'ला हाक मारतो. मग हा दुवा कोणाकडे जाणार ते कसं ठरतं? प्रत्येक एडिटर बसताना आपला प्राधान्याचा आकडा नोंदवतो. 'सुडो अपडेट-अल्टरनेटिव्ह्ज --कॉन्फिग एडिटर' दिलं की तो तक्ता समोर येतो: नॅनो ४०, विम.बेसिक ३०, विम.टायनी १५, आणि ईडी उणे १००. ज्याचा आकडा मोठा तो आपोआप निवडला जातो. म्हणून विम बसवून काही बदलत नाही. चाळीसापुढे तीस हरतो.

तक्त्याच्या डाव्या कडेला सध्याच्या निवडीपुढे चांदणी असते. सुरुवातीला ती शून्याच्या ओळीवर असते, आणि त्या ओळीत 'ऑटो मोड' असं लिहिलेलं असतं. तुम्ही दुसरा आकडा टाइप करून एंटर दाबलं की निवड 'मॅन्युअल' होते. हा फरक महत्त्वाचा आहे. मॅन्युअल झाल्यावर उद्या चाळीसापेक्षा मोठा आकडा घेऊन नवा एडिटर आला तरी तुमची निवड जागेवर राहते. परत पहिल्यासारखं करायचं तर 'सुडो अपडेट-अल्टरनेटिव्ह्ज --ऑटो एडिटर'.

वाचनालयाच्या मशिनवर मी हा दुवा नॅनोवरच ठेवला, पण मुद्दाम मॅन्युअल करून. ही निवड सगळ्या खात्यांना लागू होते, आणि सामायिक मशिनवर जे सगळ्यांना जमेल तेच असावं. माझी आवड माझ्या खात्यात.

माझ्या खात्यासाठी दोन एन्व्हायर्न्मेंट व्हेरिएबल, म्हणजे प्रोग्रॅम चालू होताना वाचतात अशी नाव दिलेली सेटिंगं, आहेत: 'एडिटर' आणि 'व्हिज्युअल'. दोन का, याला कारण आहे. पूर्वी टर्मिनल म्हणजे टाइपरायटरसारखं कागदावर छापणारं यंत्र असायचं. त्यावर ईडीसारखा एका वेळी एक ओळ हाताळणारा एडिटर चालायचा. पुढे पडद्याची टर्मिनलं आली, आणि बर्कलीमध्ये बिल जॉय यांनी १९७६ च्या सुमारास पूर्ण पडदा वापरणारा व्हीआय लिहिला. तेव्हा पडदा असेल तर 'व्हिज्युअल'मधला एडिटर चालवायचा आणि कागद असेल तर 'एडिटर'मधला, अशी वाटणी होती. आज कागदावर कोणी फाइल दुरुस्त करत नाही, पण दोन्ही नावं टिकून आहेत. होम फोल्डरमधल्या '.बॅशआरसी' फाइलच्या शेवटी मी दोन ओळी टाकल्या: 'एक्स्पोर्ट एडिटर=विम' आणि त्याखाली 'एक्स्पोर्ट व्हिज्युअल=विम'. यातली व्हेरिएबलची नावं मोठ्या रोमन अक्षरांत लिहायची आणि बरोबरच्या चिन्हाभोवती मोकळी जागा सोडायची नाही. नवं टर्मिनल उघडलं की लागू.

दोन्हींत एकच नाव ठेवा असं मी आग्रहाने सांगेन. क्रॉन आणि गिट आधी 'व्हिज्युअल' बघतात, मग 'एडिटर'. सिस्टिमच्या सेवांची सेटिंगं बदलणारं 'सिस्टिमसीटीएल एडिट' मात्र आधी 'एडिटर' बघतं, मग 'व्हिज्युअल'. दोन्हींत वेगवेगळी नावं असली तर एक प्रोग्रॅम विम उघडणार, दुसरा नॅनो, आणि तुम्ही कारण शोधत बसणार.

गिटचा क्रम आणखी लांब आहे. आधी 'गिट_एडिटर' हे त्याचं स्वतःचं व्हेरिएबल, मग गिटच्या कॉन्फिगमधलं 'कोअर.एडिटर', मग 'व्हिज्युअल', मग 'एडिटर'. इतकं पाठ करायची गरज नाही. 'गिट व्हार गिट_एडिटर' अशी कमांड दिली की तो आत्ता काय उघडेल ते एका शब्दात सांगतो.

मदतीला येणाऱ्या एका मुलाने आपल्या खात्यात व्हीएस कोड लावला होता. बदलांची नोंद, म्हणजे कमिट, करताना गिट एक संदेश लिहायला एडिटर उघडतं. एका संध्याकाळी त्याने मला बोलावलं. "दादा, मी अजून काही लिहिलंच नाही आणि गिट म्हणतंय संदेश रिकामा आहे, कमिट रद्द." पडद्यावर एडिटरची खिडकी उघडी, आणि मागे टर्मिनलात गिट काम संपवून मोकळं. असं होतं कारण ग्राफिकल एडिटर खिडकी उघडून देतो आणि टर्मिनलातली कमांड लगेच संपते. गिटच्या लेखी कमांड संपली म्हणजे लिहून झालं. फाइल रिकामी दिसते, गिट कमिट रद्द करतं. यावर उपाय असा की एडिटरच्या नावापुढे थांबायला सांगायचं: व्हीएस कोडला '--वेट', जीएडिटलाही '--वेट', केटला '--ब्लॉक'. त्याच्या खात्यात 'गिट कॉन्फिग --ग्लोबल कोअर.एडिटर' याच्यापुढे अवतरणात 'कोड --वेट' घातलं. आता खिडकी बंद करेपर्यंत गिट थांबतं. क्रॉनटॅबचंही नेमकं असंच असतं; तिथे तर काही बदल झालाच नाही एवढं सांगून तो परत जातो.

सुडोचा भाग जपून करायचा आहे. मॅडमना बॅकअपची स्क्रिप्ट कधी हाताने चालवावी लागली तर तेवढीच एक कमांड सुडोने चालवायची परवानगी द्यायची होती. ही नोंद सुडोच्या परवानग्यांच्या फाइलमध्ये जाते आणि ती 'व्हिसुडो'नेच करायची, साध्या एडिटरने कधीही नाही, कारण व्हिसुडो फाइल जागेवर ठेवण्याआधी तिचं व्याकरण तपासतं. चूक सापडली तर 'व्हॉट नाऊ?' असं विचारतं. ई दाबलं तर परत दुरुस्तीला, एक्स दाबलं तर बदल टाकून बाहेर, आणि मोठा क्यू दाबलं तर चुकीसकट सेव्ह. त्या तिसऱ्या पर्यायापुढे कंसात 'डेंजर' लिहिलेलं असतं आणि ते अक्षरशः घ्यायचं. ही फाइल बिघडली तर सुडोच चालत नाही, आणि सुडोशिवाय ती दुरुस्त करणं अवघड होऊन बसतं.

इथे माझ्या दोन ओळी कामाला आल्या नाहीत, आणि त्या येऊ नयेत हेच बरोबर आहे. सुडो चालताना तुमची बहुतेक व्हेरिएबलं पुसून टाकतं. म्हणून 'सुडो व्हिसुडो' दिलं की माझ्या विमऐवजी सिस्टिमचा 'एडिटर' दुवा, म्हणजे नॅनो उघडतो. 'सुडो सिस्टिमसीटीएल एडिट'चंही तेच. तेव्हा सामायिक मशिनवर तो दुवा नीट ठरवलेला असणं किती गरजेचं आहे ते इथे दिसतं.

'ईटीसी'मधली इतर कोणतीही फाइल बदलायची असेल तर मी 'सुडोएडिट' वापरतो, आणि दुसऱ्यांनीही वापरावं असं मला मनापासून वाटतं. 'सुडो विम' असं लिहिलं तर अख्खा विम रूट म्हणून चालतो, त्याच्या प्लगिनांसकट. सुडोएडिट आधी फाइलची तात्पुरती प्रत काढतं, ती प्रत तुमच्या नावाने, तुमच्याच एडिटरमध्ये उघडतं, आणि तुम्ही बाहेर पडलात की बदल मूळ जागी नेऊन ठेवतं. एडिटर तुमच्याच नावाने चालत असल्यामुळे विममधलं तुमचं सगळं सेटिंग जागेवर असतं. इथे 'व्हिज्युअल' आणि 'एडिटर' दोन्ही मानले जातात. त्यांच्याही आधी 'सुडो_एडिटर' बघितलं जातं.

भाड्याच्या सर्व्हरवर हे सगळं पुन्हा करावं लागलं. एसएसएचने, म्हणजे आपल्या टर्मिनलातून दूरच्या मशिनवर, आत गेलात की तुमच्या मशिनवरची व्हेरिएबलं बरोबर येत नाहीत. डेबियनच्या नेहमीच्या सेटिंगमध्ये भाषेची तेवढी येतात. तिथे एकटाच मी काम करतो, म्हणून तिथला 'एडिटर' दुवा सरळ विम.बेसिकवर नेला. फेडोरा या दुसऱ्या लिनक्सवर घडण वेगळी आहे: २०२० मध्ये आलेल्या ३३ व्या आवृत्तीपासून तिथे नॅनो डीफॉल्ट झाला, आणि हे काम 'नॅनो-डीफॉल्ट-एडिटर' नावाचं छोटं पॅकेज करतं. त्याच्या जागी 'विम-डीफॉल्ट-एडिटर' बसवता येतं.

विम नुसता उघडलात तर मध्यभागी त्याचं नाव, आवृत्ती आणि युगांडातल्या गरीब मुलांना मदत करा अशी एक ओळ अनेकदा दिसते. ब्राम मोलेनार यांनी १९९१ मध्ये विम लोकांपुढे आणला आणि वापरणाऱ्यांकडे पैसे मागितले ते त्या मुलांसाठी. ते २०२३ मध्ये गेले. ती ओळ अजून आहे, आणि दिसली की मी ती दर वेळी वाचतो.

आता मराठीचा प्रश्न. हा भाग मला कुठे लिहिलेला सापडला नाही, म्हणून सविस्तर सांगतो. मॅडम इन्स्क्रिप्ट या मराठी कीबोर्डच्या मांडणीवर टाइप करतात. एकदा माझ्या खात्यात उघडलेली पुस्तकांची यादी त्यांनी विममध्ये दुरुस्त करायला घेतली. मी सांगितलं, एस्केप दाबा, मग कोलन, डब्ल्यू, क्यू. त्या म्हणाल्या, "अहो, कोलन दाबलं तर छ येतोय." बरोबरच आहे. इन्स्क्रिप्टमध्ये कोलनच्या जागी छ आहे, डब्ल्यूच्या जागी ऐची मात्रा, क्यूच्या जागी औची. मजकुरात असताना ':डब्ल्यूक्यू' टाइप केलं तर फाइलमध्ये 'छैौ' पडतं, आणि एस्केप दाबून केलं तर काहीच होत नाही, कारण विमच्या सगळ्या आज्ञा रोमन अक्षरांच्या. दर वेळी सुपर आणि स्पेस दाबून कीबोर्ड बदलायचा, आज्ञा द्यायची, परत मराठीवर यायचं. दिवसभर टाइप करणाऱ्या माणसाला हे सांगणं अन्याय आहे.

नॅनोत हा त्रास कमी आहे. कंट्रोलबरोबर दाबलेली कळ ग्नोम टर्मिनल मूळ रोमन अक्षर धरूनच पुढे पाठवतं, त्यामुळे मराठी कीबोर्ड चालू असतानाही कंट्रोल-ओ चालतं. मात्र बदल सेव्ह न करता कंट्रोल-एक्स दाबलं तर नॅनो हो की नाही विचारतो, आणि तिथे वाय दाबायला गेलात तर ब जातो, तो नॅनोला कळत नाही. म्हणून मॅडमना क्रमच असा दिला: कंट्रोल-ओ, एंटर, मग कंट्रोल-एक्स. मग प्रश्न येतच नाही.

तरीही टर्मिनलात मराठी वाचायला बरी दिसत नाही. टर्मिनल प्रत्येक अक्षराला ठरावीक रुंदीचा चौकोन देतं, आणि 'ग्रंथालयशास्त्र' किंवा 'स्त्रीशिक्षण' अशा शब्दांतली जोडाक्षरं त्या चौकोनांत नीट बसत नाहीत. एकाच शब्दावर कर्सर कुठे आहे याचा अंदाज चुकतो. मराठी मजकूर ग्राफिकल एडिटरमध्येच, हा निर्णय यावरून झाला. उबुंटू २४.०४ वर ग्नोमचा 'टेक्स्ट एडिटर' येतो, जोडाक्षरं त्यात स्वच्छ दिसतात.

पण डबल-क्लिकवर काय उघडायचं हे वरच्या कोणत्याच सेटिंगला विचारलं जात नाही. तिथे फाइलचा प्रकार बघितला जातो. ग्नोमच्या सेटिंग्जमध्ये डीफॉल्ट ॲप्सच्या पानावर ब्राउझर आहे, मेल आहे, फोटो आहेत, टेक्स्ट एडिटर नाही. आमची अडचण सीएसव्ही फाइलींची, म्हणजे स्वल्पविरामांनी रकाने पाडलेल्या साध्या टेक्स्ट फाइलींची, होती. पुस्तकांच्या याद्या सीएसव्हीत, आणि त्या लिबरऑफिस कॅल्कमध्ये उघडायच्या. आयात करतानाच्या चौकटीत तो रकाना टेक्स्ट म्हणून निवडला नाही तर कॅल्क आयएसबीएनला संख्या समजतं, आणि शून्याने सुरू होणाऱ्या जुन्या दहा आकडी आयएसबीएनमधलं पहिलं शून्य उडवतं. एखादा शब्द दुरुस्त करायला फाइल उघडावी आणि क्रमांक बिघडून बसावेत, हे चालणारं नव्हतं.

माऊसने करायचं तर फाइलवर राइट-क्लिक, 'ओपन विथ', यादीतून टेक्स्ट एडिटर, आणि या प्रकारासाठी नेहमी हेच वापर असा पर्याय चालू. कमांडने करायचं तर 'एक्सडीजी-माइम डीफॉल्ट', त्यापुढे 'ऑर्ग.ग्नोम.टेक्स्टएडिटर.डेस्कटॉप', त्यापुढे 'टेक्स्ट/सीएसव्ही'. सध्या काय आहे ते 'एक्सडीजी-माइम क्वेरी डीफॉल्ट टेक्स्ट/सीएसव्ही' सांगतं. फाइल नक्की कोणत्या प्रकारची धरली जातेय अशी शंका आली तर 'एक्सडीजी-माइम क्वेरी फाइलटाइप' आणि पुढे फाइलचं नाव. निवडी होम फोल्डरमधल्या '.कॉन्फिग'मध्ये 'माइमॲप्स.लिस्ट' या फाइलमध्ये लिहिल्या जातात. कॅल्क हवंच असेल तेव्हा राइट-क्लिक आहेच.

राहिली नवी खाती. दर वर्षी मुलं बदलतात. 'ॲडयूजर'ने खातं उघडलं की 'ईटीसी'मधल्या 'स्केल' फोल्डरातल्या फाइलींची प्रत नव्या होममध्ये जाते. तिथल्या '.बॅशआरसी'त दोन्ही व्हेरिएबलांसाठी नॅनोच्या ओळी घातल्या, आणि तिथेच '.कॉन्फिग' फोल्डर करून त्यात तयार 'माइमॲप्स.लिस्ट' ठेवली. पुढचं खातं उघडलं तेव्हा क्रॉनटॅबने काही न विचारता नॅनो उघडला, आणि यादीवर डबल-क्लिक केलं तर टेक्स्ट एडिटर. आधीपासून असलेल्या खात्यांना 'स्केल' हात लावत नाही, त्यामुळे मॅडमच्या खात्यात त्याच ओळी मी स्वतः जाऊन घातल्या.